आश्विनातले पाणी

धबधबा पाहायचा तर श्रावणात, असे सगळेच सांगतात. मला मात्र आता वाटते, डोंगराची खरी परीक्षा आश्विनात होते. भर पावसात कोणताही कडा पाणी सोडतो, त्यात कड्याचे कर्तृत्व काय? पाऊस थांबल्यावरही जो वाहतो, त्याने काहीतरी राखून ठेवलेले असते.

हे मला उमगले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर. कोजागिरी झाल्यावर आम्ही यवतमाळचे ११ जण निघालो. निम्मे माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि निम्मे आमचे जुने विद्यार्थी, म्हणजे तेही आता पन्नाशीचे. धामणगावहून रेल्वेने नाशिक, तिथून जीपने घोटी, राजूर करत अहिल्यानगर जिल्ह्यातले पाचनई. गडाची उंची १४२४ मीटर. पाचनईची वाट इतर वाटांपेक्षा सोपी म्हणतात, पण ७३व्या वर्षी 'सोपी' हा शब्द जपूनच घ्यावा. नियम एकच ठरला होता : सर्वांत हळू चालणाऱ्याने सर्वांत पुढे राहायचे. साहजिकच तो मान मला मिळाला.

चढण खडी. एका अंगाला उंच कातळभिंत, दुसऱ्या अंगाला दरी. काही ओहळांची नुसती काळी ओल उरली होती, काही अजून वाहत होते. जिथे वर झाडी दाट होती, तिथली धार जिवंत होती; जिथे वर उघडा खडक, तिथे पाण्याची फक्त खूण. माझ्या डोळ्यांना तरी तसेच दिसले. झाडांच्या मुळांत, मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी सावकाश बाहेर येत होते.

एका धारेखाली दम घ्यायला बसलो, तेव्हा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, एवढं पाणी आपल्याकडं असतं तं!"

मला २०१८चा उन्हाळा आठवला. निळोणा आणि चापडोह आटले, आणि यवतमाळात नळाची वाट आठवडेच्या आठवडे पाहावी लागली. घरातली प्रत्येक कळशी मोजून वापरली. आपल्याकडे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या मानाने थोडा, पण अगदी नगण्यही नाही.

सोबतचा पाचनईचा पोरगा ऐकत होता. तो हसून म्हणाला, "बाबा, आता दिसतंय म्हणून. होळीनंतर आमच्याकडं बी बाया हंडे घेऊन फिरत्यात." सगळे गप्प झाले. एवढा पाऊस पडणाऱ्या सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांत एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण असते. म्हणजे नुसता पाऊस जास्त असून भागत नाही.

वर पोहोचल्यावर याचे उत्तर जणू दगडातच कोरलेले सापडले. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ पुष्करणी, खडकात खोदलेली टाकी, आणि केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवती कमरेएवढे गार पाणी. ज्यांना इथे बारा महिने राहायचे होते, त्यांनी धबधब्यावर भरवसा ठेवला नाही. छिन्नी घेतली आणि पाण्याला घर करून दिले.

एक गंमत सांगतो. गडावरून उतरणारी मंगळगंगा पुढे मुळेला मिळते, मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला. आपली पैनगंगा वर्धेत जाते आणि वर्धेचे पाणी प्राणहितेतून त्याच गोदावरीला मिळते. दोन्हीकडचे पाणी शेवटी एकाच समुद्रात जायचे. ते जाणारच. आपल्या हातात आहे ते एवढेच, की वाटेत त्याला किती दिवस थांबवायचे.

तुमच्या गावालगत एखादा नाला असेलच. दिवाळीच्या सुमारास त्याच्याकडे एक चक्कर मारा. वाहत असेल तर काठाने वर चालत जा आणि कुठली झाडे, कुठला बांध अजून शाबूत आहे ते पाहून या. आटलेला असेल, तर वर जाणे अधिकच गरजेचे आहे.