डाग कशाचा आहे?

हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडलेला असतो, तो निघावा म्हणून आपण वडी घासतो आणि पिवळ्याच्या जागी एकदम विटकरी ठसा उमटतो. नव्यानं घर मांडलेल्यांचे हात इथे हमखास थबकतात. डाग बिघडला असं वाटून ते आणखी साबण लावतात, तो आणखी लाल होतो. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. हळदीला खार भेटला की ती लाल होणारच. हळकुंडापासून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालत आली. कपडा भरपूर पाण्यात खळबळून साबण काढला की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. मग ज्याचं काम आहे त्याच्याकडे, म्हणजे उन्हाकडे, तो सदरा सोपवायचा. ओलाच, डागाची बाजू वर करून, दुपारभर. हळदीतलं रंगद्रव्य, करक्युमिन, उजेडात तुटत जातं. संध्याकाळी दोरीवरून सदरा काढताना डाग नेमका कुठे होता ते शोधावं लागतं.

मला याचं नवल अजून वाटतं, कारण हीच हळद अंधारात रंग धरून राहते. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. खोल खड्ड्यात हळकुंडं भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपायची. आत ना ऊन, ना वारा. जे व्यापाऱ्याला हळदीपासून दूर ठेवायचं असतं, तेच धुणाऱ्या बाईला हवं असतं. पेवात हळद उतरवणाऱ्यानं आणि दोरीवर सदरा टाकणारीनं एकमेकांना कधी पाहिलंही नसेल, पण दोघांनी हळदीचा स्वभाव सारखाच ओळखला.

आमच्या आत्याकडे कुणी डागाळलेला कपडा नेला की ती कपडा हातात घेण्याआधी विचारायची, "कशाचा गं?" डाग केवढा, किती गडद, कपडा किती महागाचा, हे तिच्या दृष्टीनं नंतरचं. आधी त्याचं मूळ सांगायचं. आपण "माहीत नाही" म्हटलं तर ती डाग उजेडाकडे धरायची, वास घ्यायची, बोटांनी चुरगाळून पाहायची. तेलाचा असेल तर उजेडात कापड पारदर्शक दिसतं. दुधाचा असेल तर कडक लागतं. घरगुती युक्त्या म्हणून आपण जे काही ऐकतो, वहीत उतरवतो, शेजारणीला सांगतो, त्यातल्या खऱ्या युक्त्या या एकाच प्रश्नातून निघाल्या आहेत असं माझं ठाम मत आहे. हा प्रश्न गाळून नुसता उपाय उचलला की तो फसतो.

रक्ताच्या डागाचंच पाहा. त्याला गार पाणी. गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं थिजतात आणि धाग्यात घट्ट बसतात, आणि एकदा बसलेला डाग मग हटत नाही. दूध आणि अंडं यांचीही तीच गत. गार पाण्यात मीठ घालून भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, साबण सर्वांत शेवटी. आजच्या धुण्याच्या पावडरींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, तीही फार कढत पाण्यात निकामी होतात.

गार पाण्याची ही युक्ती घराघरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती आणि तिच्याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. मी लहानपणी वाचलेल्या युक्त्यांच्या सदरांत शाई, चहा, तेल, रंग या सगळ्यांचे डाग असायचे. रक्ताचा आलाच तर बोट कापल्याचा. मासिक पाळीचे कपडे पहाटे, इतरांच्या आधी धुतले जायचे आणि वाळत पडायचे ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, नाहीतर दुसऱ्या साडीच्या आड. हळदीच्या सदऱ्याला अंगणातलं भर ऊन मिळायचं. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्याला मात्र सावली आणि ओल. आईनं मुलीला हळूच, दाराआड सांगायचं की गार पाणी घे, आणि मुलीनं मान हलवायची. या कुजबुजीत जेवढं ज्ञान होतं तेवढाच अन्याय होता. दोरीवरची जागा ही आरोग्याची गोष्ट आहे, आणि ती आता तरी सगळ्यांना सारखी मिळायला हवी.

बाकीच्या डागांना इतका वेळ लागत नाही. तेल सांडलं तर आधी कोरडं पीठ किंवा खडूची पूड दाबून ठेवायची, ती तेल शोषते, मग धुवायचं. लोखंडी खिळ्याचा गंज लागला तर लिंबू, मीठ आणि ऊन.

आंबटाचा उपयोग भांड्यांना जास्त. तांब्या-पितळेवर चढलेली काळपट पुटं म्हणजे धातूचे क्षार आणि हवेशी होणाऱ्या संयोगाचे थर. चिंचेतलं आम्ल ते विरघळवतं आणि खालचा लाल-पिवळा धातू उघडा पडतो. घाटावर चिंच, कोकणात आमसुलं किंवा त्यांचा उरलेला चोथा. ज्या घराच्या परसात जे झाड, त्याच्या आंबटावर त्या घराची समई उजळायची. तेलकट भांड्यांना मात्र आंबट चालत नाही, तिथे राख. चुलीच्या राखेत खार असतो, तो तेलकटपणा धरून सोडवतो, आणि नारळाच्या शेंडीनं घासलं की बाकीचं काम होतं. गॅस आल्यावर राख गेली आणि तिच्याबरोबर हा धडाही गेला.

आंबट आणि खार यांची कामं वेगळी आहेत हे विसरल्यामुळे आज एक गैरसमज फार पसरला आहे. मोबाईलवरच्या चित्रफितींत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फसफसून फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की केवढी सफाई चालली आहे. दोन्ही एकमेकांना शमवतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. एवढ्यानं फक्त पैसे वाया जातात. पण संडास धुवायचं आम्ल आणि ब्लीच एकत्र केलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळू शकतो, जीवही घेऊ शकतो. दुप्पट स्वच्छ होईल म्हणून दोन बाटल्या एकात ओतणाऱ्या प्रत्येकाला हात धरून थांबवावंसं वाटतं.

कधी कधी युक्ती डाग काढतच नाही, डोळ्यांना समजावते. जुन्या सुती धोतराला पिवळेपणा येतो, तेव्हा शेवटच्या पाण्यात नीळ घालतात. निळ्याची झाक पिवळ्याला झाकते आणि कापड पांढरं दिसतं. पूर्वी निळीची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवावी लागे; घाई केली तर कपड्यावर निळे शिंतोडे. 1983 साली केरळातून उजालाची पातळ नीळ आली आणि ती भीती ओसरली. निळीनंतर भाताच्या पेजेची खळ, दोघींनी दोन टोकं धरून झटकलेली साडी, आणि किंचित ओलसर असतानाच फिरवलेली इस्त्री. ताज्या खळीच्या साडीला जो भाताचा मंद वास असतो तो मला कोणत्याही अत्तराहून आवडतो.

रेशमाचं सगळं उलट. त्याला ऊन नको, सावली हवी. सोडा नको, रिठ्याचं पाणी हवं. रिठ्याची टरफलं रात्रभर भिजत घातली की सकाळी पाण्याला फेस येतो, आणि तो फेस रेशमाला दुखवत नाही. पैठणी धुवायची नसते, जपायची असते. मऊ सुती कापडात गुंडाळायची, जरीला डांबराची गोळी टेकू द्यायची नाही आणि मधूनमधून काढून घडी मोडायची. एकाच घडीवर वर्षं गेली तर जर तिथेच तुटते.

हे ज्ञान घरातल्या बायकांपाशी होतं तसंच परटांपाशी होतं, आणि त्यांचं जास्त खोल होतं. गावाचे कपडे एकत्र भट्टीला जायचे, तरी कुणाचं धोतर कुणाकडे गेलं असं सहसा होत नसे. कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसानं बारीक खूण केलेली असे. अंगाला लागला तर फोड उठवणारा हा रस. त्याला चुन्याची जोड दिली की खूण काळीभोर होते आणि सोडा, वाफ, खडक, कशानंच जात नाही. आयुष्यभर डाग काढणाऱ्या लोकांनी न निघणारा एक डागही इतक्या नेमकेपणानं ओळखून ठेवला होता. याच समाजात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला, 1876 साली डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे गाडगेबाबा झालेल्या या माणसानं दिवसा खराट्यानं गावं झाडली आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनातला केर काढला. परटाच्या कामाकडे हलकं म्हणून पाहणाऱ्यांच्या दारापुढचा रस्ताही त्यांनीच झाडला, याचा मला फार आदर वाटतो.

न निघणारा दुसरा डाग केळीच्या चिकाचा. पडतो तेव्हा पाण्यासारखा, वाळल्यावर तपकिरी. जळगावकडे केळीचे घड उतरवणारी माणसं त्या कामाला ठरलेले जुने कपडेच घालतात. तिथे 'कशाचा' हा प्रश्न डाग पडायच्या आधीच विचारून झालेला असतो. आत्याकडेही केळफूल आलं की ती आधी साडी बदलायची, मग हाताला आणि विळीच्या पात्याला गोडेतेल चोळायची. चिरलेली फुलं लगेच पाणी घातलेल्या ताकात सोडायची, म्हणजे काळी पडत नाहीत. हात पुसायला एक वेगळं फडकं असे. त्यावर तपकिरी डाग साचत गेले होते, आणि ते काढायला ती कधी बसली नाही. ते फडकं केळफुलासाठीच ठेवलेलं होतं.