आजीची कॅसेट आणि पिवळी वीज



"पालकांपैकी कुणीतरी लिहा हो" अशी चिठ्ठी कन्येच्या दप्तरातून तिसऱ्यांदा घरी आली, म्हणून हा लेख. मी लेखक नाही. शिक्षणाने इंजिनिअर, आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा जे मला येतं त्यातलंच सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या तळघरात एका चिमुकल्या कॉम्प्युटरने मला तीन आठवडे कसं नाचवलं, त्याची ही हकिकत.

आधी कॅसेटविषयी. बालमित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॅसेट हातात धरली नसेल. आईबाबांना विचारा, आणि पेन्सिलीचा तिच्याशी काय संबंध तेही विचारा. माझा मामा १९८० नंतरच्या काळात मस्कतला नोकरीला होता. फोन महाग, आणि आजीला लिहिता येत नव्हतं. म्हणून घरातले लोक टेपरेकॉर्डर तिच्यापुढे ठेवत, ती अर्धा तास बोले, आणि कुणी मस्कतला जाणारं भेटलं की त्याच्या हाती ती कॅसेट जाई. बोलकं पत्रच ते. मामा परत आला तेव्हा सगळ्या कॅसेट एका बिस्किटाच्या डब्यात घालून घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी कराडला गेलो तेव्हा तो डबा मामाने माझ्या हातात दिला. "तू कॉम्प्युटरवाला. बघ काही होतंय का." आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

अल्फारेटाला आल्यावर डबा वर्षभर कपाटात राहिला, हे कबूल केलं पाहिजे. मग जानेवारीत दोन बोटं बर्फ पडला, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे शाळा बंद झाली, आणि मुहूर्त लागला.

रास्पबेरी पाय नावाचा एक कॉम्प्युटर असतो, साधारण पत्त्यांच्या जोडाएवढा. माझ्याकडे त्याचं २०१८ सालचं मॉडेल पडून होतं. त्याला यूएसबीची चार तोंडं. एका तोंडाला आवाज आत घेणारं छोटं साउंड कार्ड, दुसऱ्याला एक पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि साउंड कार्डाला जुना कॅसेट प्लेअर, अशी जोडणी केली. आवाज आधी कॉम्प्युटरच्या मेमरी कार्डावर साठवायचा आणि दर दहा मिनिटांनी हार्ड डिस्कवर उतरवायचा, असा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. सौ.ने विचारलं, "लॅपटॉपला का नाही लावत?" याला माझ्याकडे तेव्हाही चांगलं उत्तर नव्हतं आणि आताही नाही.

पहिली कॅसेट लावली. आजी बोलू लागली. दहाव्या मिनिटाला रेकॉर्डिंग बंद! साउंड कार्ड कुणी उपटून काढावं तसं कॉम्प्युटरच्या यादीतून नाहीसं झालं, आणि दोन सेकंदांनी आपलं आपण परत आलं. मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा दहाव्या मिनिटाला तेच.

आता दर दहा मिनिटांनी काय होतं? माझा प्रोग्रॅम डिस्कवर उतरवतो. खात्री करायला दहाचे पंधरा केले. कार्ड बरोब्बर पंधराव्या मिनिटाला गायब. झालं, चोर सापडला! प्रोग्रॅमच चुकीचा. मी तो दोनदा नव्याने लिहिला. मग संशय ड्रायव्हरवर गेला. मग न वापरलेली यूएसबी उपकरणं झोपवून ठेवण्याची एक सोय असते, ती बंद केली. शेवटी सगळी ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नवी घातली. शनिवार गेले, रविवारची दुपार गेली, कार्ड काही टिकेना.

आणि प्रत्येक वेळी मी आजीचीच कॅसेट लावत होतो. चाचणीला कुठलीही चालली असती. पण "या वेळी होईलच" असं दर वेळी वाटत होतं. सातव्या की आठव्या खेपेला प्लेअरमधून घरघर ऐकू आली. झाकण उघडलं तर फीत रबरी चाकाला गुंडाळली गेली होती. हळूहळू सोडवली, पेन्सिलीने आत घेतली, पण बोटभर लांबीची घडी पडली ती पडलीच. पुढचे काही दिवस मी तळघरात उतरलो नाही.

पुढचं श्रेय कन्येचं. एका संध्याकाळी मी तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडून बघत होतो. एरवी त्याला पडदा नसतो, दुसऱ्या खोलीतून लॅपटॉपवरूनच मी त्याच्याशी बोलतो. ती गृहपाठाची वही घेऊन शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, ती पिवळी वीज कशाला चमकते?"

"कुठली वीज?"

"वरती, कोपऱ्यात. आता गेली."

मी पुन्हा डिस्कवर उतरवायला लावलं. डिस्क घूं करून फिरू लागली आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज उमटली. त्या चिन्हाचा अर्थ मला पाठ आहे. या कॉम्प्युटरला ५ व्होल्ट हवेत. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो हे चिन्ह दाखवतो. कॉम्प्युटरच्या नोंदवहीतही तो तसं लिहून ठेवतो. मग मला आधी कसं दिसलं नाही? कारण त्या हजारो ओळींतून मी फक्त 'यूएसबी' हा शब्द असलेल्या ओळी गाळून वाचत होतो. 'व्होल्टेज कमी' असं सांगणारी ओळ त्यांच्या अगदी वरच होती. तीन आठवडे.

झालं होतं ते असं. मी कॉम्प्युटरला एका जुन्या फोनचा चार्जर आणि एक बारीक वायर लावली होती. मोठ्या मुलांनो, ओहमचा नियम शाळेत झाला असेल तर हे गणित करून बघा. स्वस्त वायरीतली तांब्याची तार बारीक असते, एका मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणून मीटरभर वायरीचे ०.४३ ओहम धरा. नुसता कॉम्प्युटर आणि साउंड कार्ड मिळून ०.६ अँपिअर घेतात असं समजा. वाटेत पाव व्होल्ट खर्च होतो, ४.७४ उरतात, चालतं. पण झोपलेली डिस्क उठून फिरू लागताना घटकाभर जास्त ओढते. एकूण १.४ अँपिअर झाले की वाटेत ०.६ व्होल्ट जातात आणि उरतात ४.४. चारही तोंडांना वीज त्याच वाटेने मिळते. साउंड कार्ड बिचारं शेजारच्या डिस्कच्या भुकेने चक्कर येऊन पडत होतं. माझा प्रोग्रॅम फक्त डिस्कला उठवत होता, त्याचा गुन्हा एवढाच.

यूएसबीच्या जुन्या वायरीत चार तारा असतात: लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी माहितीच्या. मी सारा वेळ हिरव्या-पांढऱ्याचा विचार केला आणि दुखणं लाल-काळीत निघालं. (जाता जाता: १९९६ साली आलेलं हे यूएसबी घडवणाऱ्या मंडळींमध्ये इंटेल कंपनीतले अजय भट्ट प्रमुख होते. ते मूळचे बडोद्याचे, शिक्षणही तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं.)

उपाय साधा होता. रास्पबेरी पायचाच जाड वायरीचा, ५.१ व्होल्टचा अडॅप्टर आणला आणि डिस्कसाठी स्वतःची वीज असलेला वेगळा हब. एकदा पोळलो होतो, म्हणून आधी दुकानातली एक भजनांची कॅसेट लावली आणि मुद्दाम दर मिनिटाला डिस्क झोपवून पुन्हा उठवली. एकदाही वीज चमकली नाही. मग आजी.

पहिली बाजू पूर्ण उतरली. आम्ही तिघं जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होतो. "आरं, तिकडं लई ऊन हाय म्हणं. डोईला काय बांधतोस का न्हाई?" कन्येला पणजीचं बोलणं अर्धंच कळत होतं. आपल्या वर्गातलं मराठी वेगळं आणि हे वेगळं, असं ती म्हणाली. पण मध्येच आजी थांबते आणि कुणाला तरी म्हणते, "मोटर लावली वाटतं, दिवा बारीक झाला बघ." हे मात्र तिला समजावून सांगावं लागलं नाही. गावी विहिरीवरचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंद होत. "म्हणजे डिस्कसारखं," ती म्हणाली.

घडी पडलेल्या जागी अर्धा मिनिट नुसती खरखर आहे. तिथे मी बरेच फिल्टर लावून पाहिले. काही निघालं नाही.

फाइल मामाला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग मीच त्या खरखरीविषयी सांगितलं, माझ्यामुळे झालं हेही सांगितलं. तो म्हणाला, "तिथं ती तांबड्या गाईचं सांगतीय. व्याली त्या रात्री पाऊस होता, गोठ्यात पाणी शिरलं, मग वासराला घरात चुलीपाशी आणून बांधलं. पोत्यानं पुसलं. आणि मग म्हणते, तुझी जागा वासरानं घेतली रे." मस्कतला दर शुक्रवारी तो ही कॅसेट लावत असे.

कन्येने मामाआजोबांना तेवढं पुन्हा सावकाश सांगायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. 'व्याली' म्हणजे काय ते विचारून घेतलं. डब्यात अजून पाच कॅसेट आहेत.