टाळ आणि टिपणवही

अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावे मिरवणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांतले पहिले 1776 साली निघाले. असल्या मंडळाचा सभासद व्हायला मला शेलू सोडून फार लांब जावे लागले नाही. माझे मंडळ रोज सकाळी कर्जतहून लोकलच्या डब्यात बसूनच येई!

2002 साली मी कालिन्याला एम. ए. करीत होतो. शेलू ते कुर्ला सुमारे दीड तास, पुढे बस. अभ्यास गाडीत करीन, असा घरी शब्द दिला होता. पण डब्यात भजनी मंडळ! कुणी कारकून, कुणी फिटर. बुवा टपाल कचेरीतले. वांगणीपर्यंत पखवाज लागे, बदलापूरला गजर चढे. आठवड्याभरात माझ्या हाती टाळ आले आणि टिपणवही पिशवीत गेली. पुढे वर्गणी गोळा करणे आले, दसऱ्याला डब्याला झेंडूच्या माळा बांधणे आले.

चाचणी परीक्षेत मी आपटलो, आणि तोही ज्ञानेश्वरीच्या पेपरात! रोज माउलींचा गजर करणाऱ्याची ही गत. (घरी काय बोलणी खाल्ली, ते सांगत नाही.)

मी डबा बदलला. बुवांना सांगायचे धैर्य झाले नाही. गाडी फलाटात शिरली की वहीत मान घालून दोन डबे पुढे चढायचे. स्टेशनात गाडी थांबली की टाळ ऐकू येत. मी पान उलटी.

पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन जुन्या डब्यात शिरलो. बुवांच्या जागी दुसरेच कुणी बसले होते.

"बुवा गेले. दोन महिने झाले," पखवाजवाले काका म्हणाले. "तू पुढच्या डब्यात चढायचास, ते दिसायचं त्यांना. आम्ही हाक मारायला निघालो की म्हणायचे, राहू द्या, पोराची परीक्षा आहे."

पेढे सगळ्यांनी घेतले. माझ्याच घशाखाली उतरेना.

गेल्या श्रावणात माझ्या वर्गातला एक मुलगा गोविंदा पथकाच्या सरावापायी हजेरीत फार मागे पडला. रागे भरायला म्हणून बोलावले.

"सर, मी सगळ्यांत खालच्या थरात असतो," तो म्हणाला. "मीच गेलो नाही, तर वरच्यांनी उभं कुठं राहायचं?"

हजेरीचा नियम मला बदलता येत नाही. राहिलेले धडे शनिवारी शिकवीन, एवढे म्हणालो. शनिवारी तो वेळेवर आला. खांद्यांना चोळलेल्या बामाचा वास खोलीभर पसरला होता.