आरसा डावं-उजवं करत नाही

फ्रंट कॅमेरा चालू केला की स्क्रीनवरचा चेहरा ओळखीचा वाटतो. क्लिक करून गॅलरीत तोच फोटो बघितला की काहीतरी बिनसलेलं दिसतं. भांग भलत्याच बाजूला, हसू तिरकं, एक डोळा जरा लहान. बऱ्याच फोनमध्ये असं होतं, कारण स्क्रीनवर ते आपल्याला आरसा दाखवतात आणि फोटो मात्र जगाला दिसतो तसा सेव्ह करतात. आयफोनमध्ये तर ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ नावाचं वेगळं सेटिंगच आहे. बहुतेकांसाठी हा पाच सेकंदांचा वैताग. माझ्यासाठी मामला जरा मोठा होता.

माझा वरचा ओठ जन्मतः डाव्या बाजूला दुभंगलेला होता. काही महिन्यांची असताना शस्त्रक्रिया करून तो जोडला. आता डाव्या नाकपुडीपासून ओठापर्यंत एक बारीक रेघ आहे आणि तिथे ओठ किंचित वर ओढलेला आहे. आरशातल्या या रेघेशी माझं कधी भांडण नव्हतं. दात घासताना, टिकली लावताना ती असायची, तशी मीही असायचे. फोटोतली रेघ मात्र मला कायम जास्त जाड, जास्त वाकडी वाटायची. त्यामुळे कुणाच्याही लग्नातल्या ग्रुप फोटोत मी मागच्या रांगेत, मान डावीकडे वळवून, फक्त उजवा गाल कॅमेऱ्याला देऊन उभी.

नोकरी लागली, थोडे पैसे साठले, तेव्हा व्रण सुधारण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला एका सर्जनकडे गेले. त्यांनी हातात आरसा दिला आणि विचारलं, “नेमकं काय खटकतं, दाखवा बरं.” मी आरशात बघत राहिले. “यात नाही, फोटोत दिसतं,” असं म्हणाले. ते म्हणाले, “दोन्हीकडे व्रण तेवढाच आहे. घाई नाही. विचार करून या.”

विचार करायचा म्हणून मी आधी आरशाचाच विचार केला.

शाळेत आपण सगळेच घोकतो की आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. किरण आरशावर जिथे पडतो तिथे एक काल्पनिक लंबरेषा काढायची, म्हणजे स्तंभिका. किरण तिच्याशी जितका कोन करून येतो, तितकाच कोन करून दुसऱ्या बाजूने जातो. कॅरमची सोंगटी कडेला आपटून जाते, साधारण तसं. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यातली एक गंमत दाखवली होती. वस्तूपासून आरशाला शिवून डोळ्यापर्यंत येणारे जितके रस्ते काढता येतील, त्यांतला सगळ्यात जवळचा रस्ता हाच असतो.

आता माझ्या ओठावरची रेघ घ्या. तिच्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. त्यातले काही किरण आरशावर आपटून माझ्या डोळ्यात येतात. डोळ्याला ते वळून आलेत हे कळत नाही, तो त्यांना सरळ मागे ताणतो. म्हणून आरसा अर्ध्या मीटरवर असेल, तर त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर मला माझा चेहरा दिसतो, जिथे खरं तर भिंत असते.

अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशासमोर उभं राहा, एक डोळा मिटा आणि आरशातल्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने काढा. ती तुमच्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल. मागे सरकून काढली तरी निम्मीच. याच कारणाने १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला पूर्ण दिसायला ८० सेंटीमीटर उंचीचा आरसा पुरतो, फक्त तो योग्य उंचीवर लावायला हवा.

पण माझा प्रश्न डाव्या-उजव्याचा होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की आरशात बाजूंची अदलाबदल होते. मग वरचं खाली का होत नाही? आरशाला कसं कळतं की फक्त आडवंच उलटायचं?

उत्तर असं की आरसा आडवं उलटतच नाही. उत्तरेकडे तोंड करून आरशासमोर उभे राहा. उजव्या हाताने पूर्वेकडे बोट दाखवा, प्रतिमाही पूर्वेकडेच दाखवते. वर दाखवा, तीही वर. आता सरळ आरशाकडे, उत्तरेला बोट करा. प्रतिमेचं बोट दक्षिणेला, तुमच्याकडे येतं. आरसा उलटतो ते फक्त पुढचं-मागचं. डावं-उजवं आपण लावतो, कारण समोरचा चेहरा म्हणजे वळून उभा राहिलेला माणूस, असं आपण धरून चालतो.

म्हणून माझी डावीकडची रेघ आरशात माझ्या डाव्या हातालाच राहते. फोटोत मात्र ती उजवीकडे दिसते, कारण कॅमेरा खरोखरच समोर उभा असतो. चेहरा तोच, रेघ तीच, पण पंचवीस वर्षांच्या सवयीला छेद देणारी बाजू.

हे फक्त माझं नव्हतं. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांचा, मीटा, डर्मर आणि नाइट यांचा, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. मुलींचा कल आरशातल्यासारख्या फोटोकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ फोटोकडे. जो चेहरा ज्याने जास्त पाहिला, तो त्याला जास्त आवडला.

एका कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये मला याचा पुरावा मिळाला. तिथे दोन आरसे कोपऱ्यात काटकोनात लावलेले होते. कोपऱ्यात बघितलं की किरण दोनदा परततो आणि प्रतिमा आरशासारखी राहत नाही, समोरच्या माणसासारखी होते. मी उजवा हात वर केला, तिनेही तिचा उजवाच केला. रेघ उजवीकडे. फोटोतली मी, पण हलणारी, पापण्या मिटणारी. पहिलं मिनिट चमत्कारिक गेलं. तिसऱ्या मिनिटाला मी तिच्याकडे बघून केस नीट करायला गेले आणि हात भलतीकडेच गेला. मला हसू आलं. तीही हसली आणि तिचा ओठ डाव्या बाजूला वर गेला, माझा जातो तसाच.

घरी आईला हे सगळं सांगितलं. तिला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघ. ती बराच वेळ आरशातल्या माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “अगं, यात तू वेगळीच दिसतेस. रेघ नको तिकडे आलीय.” आणि वळून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “ही बरी आहे.”

मला जो चेहरा कधीच थेट दिसणार नाही, तो तिने मला टाके पडले तेव्हापासून रोज पाहिला होता. मी फोटोत ज्याच्यापासून पळत होते, तो तिच्या ओळखीचा होता.

शस्त्रक्रिया करायचीच नाही असं काही मी ठरवलेलं नाही. ज्यांना करून घ्यायची असते त्यांची कारणं त्यांच्याकडे असतात, आणि आरशाचे नियम कळले म्हणून ती खोटी ठरत नाहीत. पण आता पुन्हा डॉक्टरांकडे जाईन तेव्हा त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे नेमकं उत्तर आहे. रेघेचं राहू द्या. ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ तिथे ओढल्यासारखा होतो, तेवढं बघा.