शेवटचा बदल कोणता?

एका शनिवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात आलो व संगणक सुरू केला. पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागले आणि फिरतच राहिले. अर्धा तास लोटला, तरी पुढे काही होईना. आमच्या छातीत धस्स झाले. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी वहीत शाईने असतातच. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घालून दिलेली ती शिस्त आजही चालू आहे. परंतु गावातील वृद्धांच्या आठवणी आम्ही दोन वर्षे खपून टिपल्या होत्या, त्या मात्र या एकाच यंत्रात होत्या. सांगणाऱ्यांपैकी तिघे आता दफनभूमीत विसावले आहेत.

संताप आला की माणूस अपराधी शोधू लागतो. आदल्या दुपारी गायनमंडळाचा एक तरुण या संगणकावर गीतांच्या प्रती काढत बसला होता. तो येताच आम्ही त्याला चारचौघांत बोल लावला. त्याने मान खाली घातली. "फादर, मी पाहू का?" एवढेच तो म्हणाला.

त्याने प्रथम प्रिंटर व पेनड्राइव्ह काढून पाहिले, वर्तुळ तसेच. मग वर्तुळ दिसताच बटण दाबून धरून यंत्र बंद केले. असे लागोपाठ तीनदा केल्यावर विंडोजचा दुरुस्तीचा पडदा उघडला. त्यात सर्व पुसून नव्याने आरंभ करण्याचीही सोय होती. आम्ही उतावीळपणे म्हणालो, "तेच कर, बाळा."

"नको, फादर. तुमचे लेखन जाईल. आधी सांगा, शेवटचा बदल कोणता झाला?"

आम्ही आठवू लागलो आणि ओशाळलो. आदल्या संध्याकाळी पडद्यावर अपडेट चालू असल्याची व यंत्र बंद न करण्याची सूचना होती. जपमाळेची वेळ झाली म्हणून आम्हीच घाईने भिंतीवरचे बटण बंद केले होते!

त्याने अलीकडचे अपडेट काढून टाकण्याचा पर्याय निवडला. यंत्राने रिकव्हरी कीचे ४८ अंक मागितले. ते आमच्या दैनंदिनीत होते. पूर्वी यानेच आग्रहाने लिहून ठेवायला लावले होते. थोड्या वेळाने संगणक सुरू झाला. त्याने सर्वप्रथम आठवणींच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. अपडेट पुन्हा केले ते त्यानंतर, आणि पूर्ण होईपर्यंत यंत्राला कोणी हात लावला नाही.

प्रिय वाचकहो, पापनिवेदनापूर्वी सद्विवेकाचे परीक्षण करा, असे आम्ही वर्षानुवर्षे तुम्हांस सांगत आलो. त्या सकाळी मात्र आम्ही परीक्षण दुसऱ्याचे केले. बोल चारचौघांत लावला होता, म्हणून रविवारी गायनमंडळासमोरच आम्ही त्याची क्षमा मागितली. तो लाजून हसला व पेटीचा भाता उघडू लागला.