आधी विचारा, मग रागवा

मुलांनो, वाशीम जिल्ह्यातली आपली काळी माती कपाशीला, सोयाबीनला मोठी गुणाची. पण रस्त्याला नाही.

पालिकेने शाळेपुढचा रस्ता खोल उकरला आणि आमची मुले चिखलात घसरली. मी इंजिनिअर साहेबांना मुलांदेखत नको नको ते बोलले.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर नुसतं डांबर टाकलं तर फुटणारच. म्हणून ती काढून मुरूम दाबून भरतोय."

दोन पावसाळे झाले, रस्ता शाबूत आहे. साहेबांची मात्र बदली झाली. माफी मागायची राहूनच गेली.

आता १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी म्हणजे अभियंता दिनी, मी माझी ही चूक वर्गात सांगते. तुम्हांला उकरलेला रस्ता दिसला, तर आधी विचारा, मग रागवा!