वाळू नदीचीच हवी, असं मी सांगत आलो

पैठणच्या खाली, आपेगावच्याही पुढे, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. शिक्षण छत्रपती संभाजीनगरला झालं, तेव्हाच्या औरंगाबादला, आणि पुढची तीस वर्षं नोकरीही याच शहरातल्या बांधकामांवर केली. या तीस वर्षांत एक गोष्ट मी घरमालकांना, मिस्त्रींना आणि हाताखालच्या नव्या इंजिनियरांना सतत सांगत आलो: घर बांधायचं तर वाळू नदीचीच हवी. साइटवर क्रशरच्या वाळूची गाडी आली की मी मूठभर माल उचलून तळहातावर चोळायचो. राखाडी पीठ हाताला चिकटलं की गाडी परत. ते मत मी आता सोडलं आहे. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांना हे सांगायलाच हवं.

हे मत एका भिंतीवरून बनलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्याच्या प्लास्टरला महिनाभरात तडे गेले. पूर्ण भिंतीवर कोळ्याचं जाळं पसरावं तशा बारीक रेघा. चौकशी केली तेव्हा कळलं, ठेकेदाराने वाळूत अर्धी कच मिसळली होती. प्लास्टर खरवडून पुन्हा करावं लागलं. मालकाच्या आईने मला विचारलं, ‘तुम्ही इथं उभे होतात ना, साहेब?’ मी उभा होतो. त्या दिवसापासून दगडाची भुकटी म्हणजे फसवणूक, असं माझ्या मनाने धरलं. कच म्हणजे काय, ती कशी तयार होते, दगडापासून खरी वाळू करता येते का, यातलं काहीही मी तपासलं नाही. एका भिंतीचा पुरावा मी तीस वर्षं पुरवला.

त्याची किंमत दुसरीकडे मोजली जात होती.

लहानपणी उन्हाळ्यात आमच्या गावाचं पिण्याचं पाणी नदीच्या पात्रातल्या झिऱ्यातून यायचं. पात्र वरून कोरडं ठणठणीत, पाय भाजतील अशी वाळू. तिथे हाताने, खुरप्याने कोपरभर उकरलं की वाळू ओली लागायची, आणखी थोडं उकरलं की तळाशी पाणी झिरपायचं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, थोडं थांबायचं. मग निवळशंख पाणी चढायचं. आई ते वाटीने हंड्यात भरायची. पलीकडे टरबुजाच्या वाड्या त्याच ओलीवर पिकायच्या. नदी आटली असं आम्ही म्हणायचो, पण ती आटलेली नसायची, वाळूत उतरलेली असायची.

फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळूसारख्या गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. आदेश योग्य होता. पण त्यानंतर वाळूघाटांचे लिलाव वेळोवेळी रखडले, भाव चढले आणि गाड्या रात्री धावू लागल्या. मला माल नदीचाच हवा होता, म्हणून रात्री आलेली हायवा मी सकाळी मोजून घेत होतो. पावती कोणत्या घाटाची, कोणत्या तारखेची, हे मी पाहत नव्हतो. पाहिलं असतं तर घेता आलं नसतं. चांगल्या बांधकामाचा आग्रह धरणारा माणूस म्हणून माझं नाव होतं, आणि त्याच आग्रहापायी मी चोरीचा माल उतरवून घेत होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

एका मे महिन्यात गावी गेलो तर घराजवळ टँकर उभा होता. वडील म्हणाले, ‘वाळू गेली की पाणी गेलं बघ. आता झिरा कुठं खांदावा?’ पात्रात जागोजागी पोकलेनचे खड्डे होते आणि तळाचा पिवळट मातकट थर उघडा पडला होता. रात्री परतताना समोरून रिकाम्या हायवा येत होत्या. कोणाच्या साइटवर रित्या होऊन आल्या, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

नंतर बसून हिशेब केला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. भिजलेल्या वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते, ती पाण्याने भरते. म्हणजे पाच ब्रासच्या एका हायवामागे साडेचार हजार लिटरच्या पुढे पाणी साठवायची जागा नदीतून उचलली जाते. त्यातलं सगळं पाणी झिऱ्यात उतरत नाही हे खरं, पण ती जागा दर पावसाळ्यात नव्याने भरत होती. आता ती जागाच नाही. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं तेव्हापासून वरची वाळू त्याच्या नाथसागर जलाशयात अडते. खालच्या पात्राला ओढ्या-नाल्यांकडून येईल तेवढीच भर. आम्ही पिढ्यानपिढ्यांची ठेव काढून स्लॅब टाकत होतो.

एवढं होऊनही मी लगेच बदललो नाही. अपराधी वाटणं वेगळं, मत बदलणं वेगळं. मत बदललं ते एका काचेच्या नळीमुळे. आमच्या साइटवर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी येत होती. तिने माझ्या समोर, मी पसंत केलेली नदीची वाळू मोजपात्रात घातली, मिठाचं पाणी ओतलं, हलवून ठेवून दिलं. तीन तासांनी वाळूच्या वर गाळाचा तपकिरी थर स्पष्ट दिसत होता. तिने पट्टी लावली. थर मर्यादेच्या बाहेर होता. ती काही बोलली नाही, वही माझ्याकडे सरकवली.

मग तिच्यासोबत शहराबाहेरच्या एका क्रशरवर गेलो. तीस वर्षं ज्या मालाला नाकारलं तो तयार होताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मी जिला वाळू समजून नाकारली ती कच खरं तर वाळू नव्हतीच. जॉ क्रशरमध्ये खडी करताना जे खाली गळतं ते उरलेलं चपटं, सुईसारखं, कसंही मिसळलेलं चूर्ण म्हणजे कच. वाळू करायची तर खडीला आणखी एका यंत्रातून न्यावं लागतं. त्यातलं चक्र दगडाला प्रचंड वेगाने बाहेर फेकतं आणि तो भोवती साचलेल्या दगडांच्याच थरावर आपटतो. दगडाने दगड घासला जातो, पापुद्रे मोडतात, दाणा ठोकळ्यासारखा होतो. मग चाळण्या, मग जास्तीचं पीठ वेगळं काढणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटमध्ये अशी वाळू माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच वापरली गेली होती. मला ते ठाऊक होतं. मी त्याला तडजोड समजत होतो.

आणि ते पीठ, ज्याच्यावरून मी गाड्या परत पाठवल्या? भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीत 75 मायक्रॉनपेक्षा बारीक कण नदीच्या वाळूत 3 टक्के आणि दगडाच्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत चालतात. कारण सरळ आहे. नदीच्या वाळूतलं बारीक म्हणजे बहुधा माती. ती पाणी पिते, फुगते, सुकली की आकसते. दगडाचं पीठ फुगत नाही, ते दाण्यांमधल्या फटी भरतं. दोन्हींतला फरक मेथिलिन ब्लूच्या चाचणीत कळतो, कारण माती तो निळा रंग शोषून घेते. माझ्या तळहाताला तो फरक कधीच कळत नव्हता.

आम्ही एम-25 काँक्रीटचे क्यूब दोन रांगांत भरले, एक नदीच्या वाळूची, एक दगडाच्या वाळूची. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही रांगा पास झाल्या, दगडाची थोडी पुढे. मिस्त्री मात्र कुरकुरले. माल जड चालतो, थापीखाली सरकत नाही. त्यांचं खरं होतं. टोकदार दाण्याला पाण्याचा हिशेब वेगळा लागतो. जुन्याच प्रमाणात नवी वाळू घातली आणि वरून पाणी वाढवलं तर तडे जाणारच. माझ्या त्या पहिल्या भिंतीचं बहुतेक असंच झालं असावं.

मत बदललं म्हणून डोळे मिटून क्रशरची बाजू घेतो असं नाही. आपला बेसाल्ट सगळीकडे सारखा नाही. एकाखाली एक लाव्ह्याचे थर आहेत. काळा, घट्ट पाषाण उत्तम. पण त्याच्याच वरखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या डोळ्यांचा, सच्छिद्र खडक लागतो. त्यातले झिओलाइटचे स्फटिक संग्रहालयात शोभतात, काँक्रीटमध्ये नाही. त्याच्यासोबतची हिरवट मातकट खनिजं तर नकोच. खदानीत हे दोन्ही वेगळे काढायला हवेत आणि बहुतेक ठिकाणी ते एकाच हायवात भरले जातात. दुसरं, वाळू धुवायला पाणी लागतं. टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्यात धुतलेली वाळू हे उत्तर असूच शकत नाही. हवेच्या झोताने पीठ वेगळं काढणारी पद्धत इथे रुजली पाहिजे, आणि आपल्या थरांच्या दगडावर तिचा नीट अभ्यास इथल्याच महाविद्यालयांनी केला पाहिजे. आणि डोंगर तर फोडला जातोच. नदीचं पाप डोंगरावर ढकलू नये, म्हणून खदानीला खोलीची आणि हद्दीची मर्यादा पाळायला लावली पाहिजे. तरीही निवड करायची झाली तर मी खदान निवडेन. तिला कुंपण घालता येतं, मोजता येतं. रात्रीच्या नदीला कोण मोजतो?

2025 साली राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, तिच्यावरची रॉयल्टी ब्रासला 600 रुपयांवरून 200 वर आणली. ‘कृत्रिम’ हा शब्द मला आता खटकतो. दगड तोच आहे. नदी जे युगानुयुगं करते ते यंत्र घटकाभरात करतं, एवढाच फरक.

घर बांधणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. क्रशरची वाळू घ्या, पण कच घेऊ नका. चाळणीचा अहवाल मागा, दगड कुठल्या खदानीतला ते विचारा, मिस्त्रीला पाण्याचं नवं प्रमाण लिहून द्या. आणि नदीची वाळू कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर पावतीवरचा घाट आणि तारीख वाचा. मी ती वाचली नाही.

मागच्या मार्चमध्ये गावी धाकट्या बहिणीच्या घराचा स्लॅब टाकला. घरापासून नदी चारशे पावलांवर आहे. स्लॅबमध्ये गोदावरीची एक घमेलंही वाळू नाही.